मिठाच्या गोण्या आणि काकांची गाठ

बाजाराची, पाहुण्यांची, प्रवासाला निघताना पिशवीत काय घ्यायचं त्याची, अशी प्रत्येक गोष्टीची मी यादी करते. घरात यावरून माझी भरपूर थट्टा होते. मुलगी म्हणते, आई स्वप्नंसुद्धा क्रमांक घालून बघते. पण एक यादी अशी आहे की तिची थट्टा आमच्याकडे कोणी करत नाही. ती माकड उतरवण्याची यादी.

माकड म्हणजे मंकी होइस्ट. बांधकामाच्या स्लॅबवर तात्पुरतं बसवायचं आणि त्यानं विटा, रेती, लाद्या वर ओढायच्या. काम संपलं की सोडून पुढच्या साइटवर न्यायचं. खाली लोखंडी चौकट, तिच्यात उभा खांब, खांबाला जोडलेला आणि इमारतीच्या बाहेर जाणारा लांब हात, हाताच्या टोकाला चाक, चाकावरून खाली सुटलेला तारेचा दोर आणि हुक. मोटर आणि ब्रेक खांबापाशी. सगळ्यात मागे, चौकटीच्या शेपटीवर, वजन. पुढे जे ओझं लटकणार त्याला पुरून उरेल एवढं वजन मागे हवं, नाहीतर सगळं यंत्र ओझ्यामागोमाग खाली येणार. तराजू कळणाऱ्या कोणालाही हे कळतं. तरीही मी ते चुकले, आणि तेही वजनाच्याच बाबतीत. मी लहानपणापासून वजनं बघत वाढलेली. माझे वडील पेणच्या खाडीकडच्या मिठागरात कामाला होते.

माकड आमच्याकडे आलं ते आजारी म्हणून. माझे यजमान तेव्हा पेणला मोटर वाइंडिंगचं काम करत. एका ठेकेदारानं जळलेल्या मोटरसकट अख्खं यंत्र दुकानापुढे आणून टाकलं आणि तो धंदाच सोडून गावाला निघून गेला. दुरुस्त झालेलं माकड चार महिने दुकानापुढे उभं होतं. पोरं त्याच्या हाताला लोंबकळायची. शेवटी यजमान म्हणाले, "हे आपण भाड्यानं देऊ." मी एका हार्डवेअरच्या दुकानात माल देण्या-घेण्याचं बघत होते, ते सोडलं. मोटर यजमानांना कळत होती, याद्या मला जमत होत्या. यंत्र चढवायचं कसं आणि उतरवायचं कसं, हे मात्र दोघांनाही येत नव्हतं. ते येणारे काका आम्हाला भेटले.

काका खाडीकाठच्या गावचे. जातिवंत खलाशी. त्यांचे वडील खाडीतून मीठ वाहणाऱ्या मचव्यावर होते, काका दोरखंड आणि कप्पी घेऊन जमिनीवरच्या कामाला लागले. डोलवीचा पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा त्यांनी ठेकेदारांच्या हाताखाली तिथं वर्षानुवर्षं ओझी चढवली. मुंबईकडच्या कुठल्याशा साइटवर उजव्या हाताची दोन बोटं ठेवून आले होते. लिहिता-वाचता येत नव्हतं. आमच्याकडे आले तेव्हा साठीच्या आसपास असावेत.

त्यांना बोलवायला मी घरी गेले तेव्हा काकू दारात मासे निवडत होत्या. मी काम सांगितलं. काकूंनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "किती मजल्याचं?"

"दोन. कधी तीन."

"याची दोन बोटं गेली. आठ हायत. मी मोजून देते, तू मोजून परत आण, गो."

मी हसले. काकू नाही हसल्या. मग मी म्हटलं, "आणीन." माझ्या दृष्टीनं तो यादीतला पहिला क्रमांक झाला, कागदावर लिहिला नाही एवढंच.

पहिल्या साइटवर माझ्या हातातली वही बघून काकांनी विचारलं, "ही कशाला?"

"यादी केलीय. कुठला भाग कितव्या नंबरला."

"पावसात भिजली म्हंजे?"

"दुसरी लिहीन."

"तंवर माकड कुणाच्या डोक्यावर बसवू?"

त्यांची स्वतःची पद्धत वेगळी होती. जमिनीवर ताडपत्री पसरायची आणि यंत्राचे सगळे भाग डावीकडून उजवीकडे, लागतील त्या क्रमानं मांडायचे. चौकट, खांब, पिना, वजन, मग हात, मग चाक, दोर, दोराच्या क्लिपा, शेवटी हुक. चढवताना डावीकडून उचलत जायचं. उतरवताना उलटं, उजवीकडून भरत यायचं. म्हणजे वजन चढताना हाताच्या आधी आणि उतरताना हाताच्या नंतर. हात बाहेर काढलेला असताना शेपटीवरची एक गोणीसुद्धा हलवायची नाही. ताडपत्रीवर काही शिल्लक राहिलं तर काम थांबलं.

एकदा पेणच्या बाजारपेठेतल्या साइटवर दोराची एक क्लिप ताडपत्रीवर उरली. यजमान वरून ओरडले, "काका, तीनच्या जागी दोन लागल्यात. चालेल!"

"तुझ्या डोक्यावर चालंल का?" काकांनी खालून विचारलं आणि क्लिप दातात धरून पुन्हा जिना चढायला लागले.

मी त्यांची ताडपत्री आणि माझी वही जुळवून घेतली. प्रत्येक भागावर ऑइल पेंटनं आकडा घातला. काकांनी आधी टर उडवली, "माकडाच्या पाठीवर पाढे लिवलेत." पण महिन्याभरात ते आकडे ओळखायला लागले. सातची पिन मागायची तर आकड्याच्या आकारावरून "ती कुदळीवानी हाय ती" म्हणायचे. पहिली खेप नेहमी सहा इंच उचलून थांबवायची, शेपटीकडे बघायचं, मगच पुढे. खालून खूण एकाच माणसानं करायची, आणि ती बहुतेक वेळा मीच. मूठ मिटून हात वर म्हणजे थांब. तळहात खाली करून हलवला म्हणजे सावकाश सोड. ओरडायचं नाही. ओरडलं की ब्रेकवरचा माणूस दचकतो, आणि तो दचकला की ओझं दचकतं.

त्यांचा एक नियम मात्र माझ्या वहीत बसत नव्हता. ज्यानं गाठ बांधली त्यानंच ती सोडायची. यजमान घाईत असले आणि काकांनी बांधलेल्या दोराला हात लावला, की काका तो हात बाजूला करत. "दुसऱ्याची गाठ सोडताना माणूस गाठीकडं बघतो, वझ्याकडं नाय." आणि याच नियमाची दुसरी बाजू: गाठ आपण बांधली तशीच दिसली तर आतलं सगळं आपण ठेवलं तसंच आहे. हे त्यांनी कधी शब्दांत सांगितलं नाही, पण ते त्यावरच चालत. मचव्यावरचा माल असाच तपासत असणार.

आता रोह्याचं. शेपटीवर ठेवायला आमच्याकडे सिमेंटचे आठ ठोकळे होते, खास ओतून घेतलेले. रोह्याला कुंडलिका नदीच्या बाजूला एका तीन मजली इमारतीवर माकड होतं. काम संपलं, आम्ही क्रमानं सगळं उतरवलं, जड ठोकळे तेवढे गच्चीवरच शेवटी राहिले. तोवर टेंपो भरला होता. यजमान म्हणाले, "उद्या नेऊ." तो उद्या तीन आठवड्यांनी उगवला. मी पॅसेंजरनं रोह्याला गेले, गच्चीवर चढले, तर प्लंबरनं आमचे आठही ठोकळे व्यवस्थित मांडून त्यांच्यावर पाण्याची टाकी बसवलेली. टाकी भरलेली होती. खाली बिऱ्हाडं राहायला आली होती. प्लंबर म्हणाला, "मस्त लेव्हलला होते हो, ताई!" आजही पुलावरून जाताना ती टाकी दिसते. माझ्या मनात अजून ती आमचीच आहे.

तेव्हा नवे ठोकळे ओतायचे, त्यांना पाणी मारायचं, सुकू द्यायचे, एवढी सवड नव्हती. पुढचं काम ठरलं होतं. पेणजवळच्या खाडीपट्ट्यातल्या एका गावात एक मिठागरवाले दोन मजली घर बांधत होते. माझ्या वडिलांना ओळखणारे. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचे. वजनाला वाळूची पोती आणायची म्हटलं तरी रस्ता अरुंद, खेप महाग. आणि अंगणात, पत्र्याखाली, मिठाच्या गोण्यांची थप्पी लावलेली.

कल्पना माझी. यजमानांची नाही, काकांची नाही, माझीच. मी म्हटलं, मीठ ठेवू. भरलेली, शिवलेली गोणी, प्रत्येकीचं वजन ठरलेलं. वाळूच्या पोत्यात कमी-जास्त भरतात, मिठाच्या गोणीत नाही. मिठाची गोणी मला नुसत्या लाथेनं कळते. काका जरा घुटमळले, पण मिठागरवाल्याची लेक बोलतेय म्हणून गप्प बसले. मी वहीत ठळक अक्षरांत लिहिलं: मीठ, दहा गोणी. लिहिताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, ते अजून आठवतं.

चैत्र संपत आला होता. काकांनी गोण्या चौकटीवर रचल्या, वरून ताडपत्री घातली, तिची टोकं चौकटीच्या चार खुंटांना ताणून तंबूसारखी ताठ बसवली आणि दोरानं बांधून त्यांची ती गाठ मारली. माकड चालू झालं. विटा चढल्या, दुसरा स्लॅब आधीच पडलेला होता, मग रेती, चौकटी, लाद्या. पाऊस लागला तरी आतलं काम चालूच राहिलं. उघडीप मिळाली की खेपा. दर खेपेच्या दिवशी काका वर जात, ताडपत्रीवर थाप मारत, गाठ बघत. ताडपत्री ताठ, गाठ जशीच्या तशी. ते मला वरून हात दाखवत आणि मी वहीत खूण करत असे.

श्रावणात माकड उतरवायचं ठरलं. मावशींना गणपती नव्या घरात बसवायचा होता. सकाळी उघडीप होती. यजमान आणि काका आधी पुढे गेले, मी मागून टमटमनं पोचले. वर काम सुरू झालेलं. घरमालकांनी म्हटलं होतं, उतरवताच आहात तर स्लॅबवरच्या लोखंडी प्लेटा तेवढ्या खाली सोडा. शेवटची एक खेप. स्लॅब ओतताना खाली लावतात त्या या प्लेटा, थप्पी केली की चांगल्याच जड. साखळी घालून हुकाला लावायचं काम वर चाललेलं दिसत होतं.

मी पिशवीतून वही काढतेय तोवर मावशींनी मागल्या दाराकडून हाक मारली. "गो, जरा इकडं ये. हे बघ काय झालंय."

"मावशी, खेप यायचीय. नंतर बघते."

"नंतर काय, जळून गेलं समदं. तुमच्या त्या सिमेटानं जळलं का?"

चुन्या-सिमेंटच्या पाण्यानं काही बिघडलं असेल तर ते आमच्याच डोक्यावर, म्हणून मी गेले. गच्चीच्या पन्हळीखाली मावशींचं अळू होतं. एरवी पावसात त्या जागी गुडघाभर पानं असायची. सगळ्या गल्लीत फदफद्याला तिथलंच अळू जायचं. आता पानांच्या कडा तपकिरी, देठ मऊ पडून आडवे झालेले, जवळची तेरड्याची रोपं काळी पडलेली. आणि बाजूला पाऊस धोधो पिऊन हिरवंगार गवत.

"पावसात कधी अळू सुकतं का गो?" मावशी म्हणाल्या. "माझ्या उभ्या जन्मात नाय बघितलं."

भिंतीवर पन्हळीच्या तोंडापासून खाली पांढरा ओघळ होता. मी त्याला बोट लावलं आणि जिभेला लावलं. हे मी विचार करून केलं नाही. मिठागरातलं पोर पांढरं काहीही दिसलं की तेच करतं.

मीठ.

लहानपणी पाऊस जवळ आला की वडील आणि इतर माणसं मिठाच्या राशी गवतानं शाकारायची, घर शाकारावं तशा. एक जरी भगदाड राहिलं तर राशीला आतून पोखर लागते, वरून तशीच दिसते, हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं. दोन महिने त्या पन्हळीतून आमचं वजन वाहून जात होतं, मावशींच्या अळूवर.

मी धावतच पुढच्या अंगणात आले. मान वर केली तर हात बाहेर फिरलेला, प्लेटांची थप्पी काठाच्या बाहेर हवेत, आणि काका अगदी काठाशी, एक हात माकडाच्या हातावर टेकून. यजमान ब्रेकवर. दोघंही माझ्याकडेच बघत होते, कारण खूण मी करायची होती.

तोंडापर्यंत ओरडणं आलं होतं. ते गिळलं. मूठ मिटून हात वर केला. थांब.

यजमानांनी थांबवलं. तेवढ्या थांबण्यानंसुद्धा माकडाचा हात खाली वाकून वर आला, एखाद्यानं मान डोलवावी तसा. मला खालून शेपटी दिसत नव्हती. काकांना दिसली. त्यांनी वळून बघितलं आणि पुढच्या क्षणी चार पावलं मागे जाऊन ते सरळ शेपटीवर, ताडपत्रीवर, बसले. आपलं वजन घालायला. काठाच्या कठड्यावरून मला फक्त त्यांचं डोकं दिसत होतं, आणि ते डोकं एकदम वीतभर खाली गेलं. ताडपत्रीखाली पोकळ होतं. ते खचून आत बसले.

माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या. ओझं तसंच लटकत ठेवायचं, किंवा खाली आणायचं. आत वळवून घ्यायला हात फिरवावा लागला असता, त्याला झटका बसला असता. मी तळहात खाली केला आणि हलवायला लागले. सावकाश. आणखी सावकाश. यजमानांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांना काही समजलेलं नाही, फक्त माझ्या हातावर ते ब्रेक सोडत होते. एक वीत. थांबत नाही, झटकत नाही. आणखी एक वीत. मावशी माझ्या मागे येऊन उभ्या होत्या, त्यांच्या लक्षात काय आलं ठाऊक नाही, पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचे हे उपकार मी विसरलेले नाही. त्या वेळी कोणी "अगो बाई" म्हटलं असतं तरी माझी खूण चुकली असती.

प्लेटा जमिनीला टेकल्या. तरी मी हात थांबवला नाही. दोर सैल पडून हुक आडवा झाल्यावरच मूठ मिटली. मग साखळी सोडली आणि मग जिन्याकडे पळाले.

वर काका अजून त्या खळग्यात बसलेले होते. मला बघून म्हणाले, "गादी मऊ हाय."

"काका, उठा आधी! माणूस म्हणजे वजन नव्हे. माकड गेलं असतं तर तुम्हाला घेऊन गेलं असतं!"

"मग कोन बसनार होतं? तू व्हय?"

यजमान ब्रेकवरून हात काढायला तयार नव्हते. "मला कोणी सांगेल का काय झालं?" त्यांनी विचारलं. मी बोट पुढे केलं, त्यावर अजून पांढरं होतं. त्यांना तरी कळेना. "मीठ विरघळलं," मी म्हटलं, आणि ते ऐकताना मला इतकी लाज वाटली की मी खालीच बघत राहिले. पाण्यात मीठ विरघळतं, हे सांगायला माणूस मिठागरात जन्माला यावा लागत नाही.

पुढचं सगळं क्रमानं केलं. आधी शेपटी दोरखंडानं गच्चीवरच्या खांबाच्या उभ्या सळ्यांना आवळली. मग रिकामा हुक वर घेतला, हात फिरवून स्लॅबवर आणला, हात उतरवला, चाक, दोर. हे होईपर्यंत गोण्यांना हात लावायचा नव्हता. आता पुढे काही उरलं नव्हतं, तेव्हा काका ताडपत्रीची गाठ सोडायला वाकले.

गाठ सुटेना. दोन महिन्यांचं मिठाचं पाणी पिऊन दोर लाकडासारखा झाला होता. पण तेवढंच नव्हतं. धरलेला पदर त्यांच्या आठ बोटांतून पुन्हा पुन्हा निसटत होता. खळग्यात बसून गंमत करणारा माणूस, पण हातांना उशिरा कळलं होतं. यजमान मदतीला पुढे झाले आणि सवयीनं थांबले. काकांनी गाठीवरून हात काढला.

"ही मी रोज बघितली," ते म्हणाले. "गाठ तशीच होती गो. गाठ काय बी बोलली नाय."

मग ते बाजूला सरकले आणि मला म्हणाले, "तू सोड."

मी खिळ्यानं एकेक पदर उचकटत गाठ सोडली. ताडपत्री दूर केली. भिंतीकडच्या बाजूला चौकटीच्या कोपऱ्यानं घासून हातभर फाटलेली होती, उभं राहून दिसत नव्हती. पुढच्या गोण्या बऱ्यापैकी भरलेल्या, मागच्या हवा गेलेल्या फुग्यासारख्या. मालकांनी गोदामातला काटा आणला. मी एकेक गोणी तोलली आणि वहीत लिहिलं. मला ते लिहायलाच हवं होतं. दहा गोण्यांचं मीठ सहा गोण्यांहून थोडं कमी उरलं होतं.

काकांनी विचारलं, "किती?" मी सांगितलं. त्यांनी मला बोल लावला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. फक्त म्हणाले, "तू वजनावर इस्वास ठेवलास, मी गाठीवर. दोगंबी मिठागरवाले." वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी मात्र भरपूर ऐकवलं. "राशीवर नेऊन उभी केली असती तर शेंबड्या पोरानं सांगितलं असतं!" तेही बरोबरच होतं.

संध्याकाळी काकांना मी स्वतः घरी सोडलं. काकूंनी मला दारात बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आज तू का आलीस गो? काय झालं?"

"काही नाही. सामान परत द्यायला आले. मोजून घ्या."

काकूंनी खरोखर त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे-सुलटे केले. त्यांना काहीतरी कळलंच. पण एवढंच म्हणाल्या, "आठ. बरोबर हाय. चहा घेऊन जा."

त्या रात्री मी वहीत जे लिहिलं तेच थोड्याफार फरकानं आजही आमच्या यादीत आहे. पाण्यात विरघळेल, वाहून जाईल, कोणी उचलून नेईल असं काहीही वजन म्हणून ठेवायचं नाही. दर खेपेच्या दिवशी ताडपत्री उघडून बघायची. उतरवण्याआधी शेवटची खेप म्हणून काही उचलायचं नाही, उतरवणं म्हणजे उतरवणं. माणूस वजन म्हणून बसणार नाही. आणि बांधणारा एक, तपासणारा दुसरा, दोघांच्या सह्या. ही शेवटची ओळ काकांनीच घालायला सांगितली. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं हा नियम त्यांनी त्या दिवसापासून अर्धा सोडला. सोडायचे स्वतः, पण आधी मला बोलावून दाखवायचे. सही येत नव्हती म्हणून त्या जागी छोटीशी गाठ काढायचे, रेघेतून रेघ ओवलेली. मी कितीदा काढून बघितली, मला ती जमत नाही.

नवे ठोकळे आम्ही ओतले आणि त्यांच्यावर ऑइल पेंटनं "टाकीखाली ठेवू नये" असं लिहिलं. मावशींच्या पन्हळीखालची माती काढून गागोद्याकडच्या एका शेतातली टेंपोभर माती आणून टाकली. मावशींनी मला मुळीच बोल लावले नव्हते, उलट, "माझं अळू मेलं म्हून माणूस वाचला, ते काय वाईट झालं?" असं सगळ्या गल्लीला सांगत फिरल्या. तिसऱ्या श्रावणात त्यांनी डबाभर फदफदं पाठवलं. आम्ही साइटवर जेवायला बसलो होतो. काकांनी पहिला घास घेतला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मीठ जरा कमी पडलं." यजमानांना ठसका लागला.

काका आणखी बारा वर्षं आमच्याबरोबर होते. शेवटी शेवटी वर चढत नसत, खाली ताडपत्रीपाशी खुर्ची टाकून बसत आणि कुदळीवानी हाय ती पिन आधी मागत. मग खुर्चीवरही येईनासे झाले. गेले ते घरीच, अंथरुणात, म्हातारपणानं, दुपारचं जेवण झाल्यावर. मला निरोप आला तेव्हा मी रोह्याला होते, माकड उतरवत होतो. काम अर्ध्यावर सोडता येत नव्हतं, ठोकळे निघेपर्यंत थांबले, दोन्ही सह्या घेतल्या आणि मिळेल त्या गाडीनं निघाले.

मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. काकू त्यांच्याजवळ बसल्या होत्या. मला बघितल्यावर त्यांनी बाजूला सरकून जागा केली. त्यांनी काकांचा उजवा हात चादरीवर नीट ठेवला, मग डावा, आणि मला म्हणाल्या, "बघ गो. आठच्या आठ घेऊन गेला."